गाडीत स्वतःचा गाण्यांचा संगणक: आधी वीज, मग आवाज

कोल्हापुरातून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, मलकापूरवरून आंबा, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा, आजऱ्यावरून आंबोली. घाटात मोबाइलचं नेट टिकेलच असं नाही आणि नेटवरचं गाणं नेमकं तिथंच अडकतं. पेनड्राइव्ह लावला तर गाडीचा मूळ स्टिरिओ वेगळ्याच अडचणी काढतो. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, आवाज न गमावता साठवणारी फ्लॅक फाइल बऱ्याच स्टिरिओंना वाजवता येत नाही, आणि आलापाचा ट्रॅक संपून बंदिशीचा सुरू होताना मध्ये खंड पडतो. ज्यांचा संग्रह मोठा आहे आणि जे तो मन लावून ऐकतात, त्यांनी गाडीत स्वतःचा छोटा संगणक बसवावा, असं मी आवर्जून सांगेन.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितो आहे. गाडीचा स्टिरिओ आणि स्पीकर आहेत तसेच राहतील. आपला संगणक स्टिरिओच्या ऑक्स इनपुटमधून (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेतून) फक्त आवाज पुरवेल. किल्ली फिरवली की तो आपोआप सुरू होईल, काल जिथं थांबलं तिथून गाणं पुढं चालू होईल, आणि किल्ली काढली की स्वतःहून नीट बंद होईल.

सुरुवात करणारे बहुतेक जण आधी टचस्क्रीन शोधतात. माझं मत उलट आहे. गाडी चालवणाऱ्याच्या समोर आणखी एक चमकणारा पडदा नको, आणि गाणी ऐकायला त्याची गरजही नाही. पैसे आणि वेळ विजेच्या जोडणीवर घाला. असे संगणक गाडीत बंद पडतात, गाणी थांबतात, कार्ड खराब होतं, आवाजात शिट्टी येते, यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ विजेत असतं. गाणी वाजवण्याची प्रणाली एका संध्याकाळी उभी राहते.

काय घ्यायचं

संगणक म्हणून रास्पबेरी पाय (पुढं नुसतं ‘पाय’) घ्या. तळहातावर मावणारा हा बोर्ड २०१२ पासून मिळतो, आणि त्यावर गाणी वाजवण्यासाठी मोफत, तयार प्रणाली आहेत. आपल्या कामाला ३ बी प्लस हे २०१८ चं मॉडेल पुरेसं आहे. २०१९ चं पाय ४ हाताशी असेल तर तेही चालेल. पाय ५ मात्र या कामासाठी घेऊ नका. त्याला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, तो जास्त तापतो, आणि गाणी वाजवायला एवढ्या वेगाची गरजच नाही. नवा बोर्ड घेण्याआधी केआयटी किंवा डी. वाय. पाटील या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी मुलं ओळखीची असतील तर विचारा. प्रोजेक्ट संपल्यावर असे बोर्ड कपाटात पडून राहतात, आणि सुटे भाग गावात कुठं मिळतात हेही त्यांनाच चांगलं माहीत असतं.

३ बी प्लस आणि पाय ४ वर हेडफोनचा जॅक आहे, पण त्यातला आवाज पातळ आणि थोडा खरखरीत असतो. म्हणून वेगळा डॅक लागतो. डॅक म्हणजे फाइलमधले आकडे खऱ्या आवाजात बदलणारा भाग. सोल्डरिंग येत नसेल तर यूएसबीचा छोटा डॅक घ्या आणि पुढं चला. येत असेल तर पीसीएम ५१०२ ए ही चिप असलेला बोर्ड घ्या. तो स्वस्त असतो आणि आवाज फार स्वच्छ देतो.

प्रणालीसाठी १६ जीबीचं चांगल्या कंपनीचं मायक्रो एसडी कार्ड घ्या. गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर ठेवा. फिरती तबकडी असलेली हार्डडिस्क गाडीत वापरू नका, खड्ड्यांत ती टिकणार नाही.

विजेसाठी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, ऑफ-डिले टायमर रिले (किल्ली बंद झाल्यावरही ठरलेला वेळ वीज चालू ठेवणारा स्विच), फ्यूज टॅप (फ्यूजबॉक्समधून वेगळी लाइन काढणारा जोड), पीसी ८१७ हा ऑप्टोकपलर (दोन बाजू तारेनं न जोडता आतल्या दिव्याच्या उजेडानं इशारा पोचवणारा भाग), थोडी वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) आणि तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी लागेल. आणि व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर. तो नसेल तर बाकी काहीही घेण्याआधी तो घ्या.

घरच्या टेबलावर

गाडीला हात लावण्याआधी सगळं घरात वाजलं पाहिजे. मूड ऑडिओ किंवा व्होल्युमिओ यांपैकी एक प्रणाली निवडा. दोन्ही चांगल्या आहेत. मी मूड सुचवतो, कारण ती पूर्ण मोफत आहे आणि बटणं, फिरती नॉब, सुरू होताच गाणं लावणं या गाडीत लागणाऱ्या सोयी तिच्या सेटिंगमध्येच मिळतात.

घरच्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्रॅम घ्या आणि त्यातून मूडची इमेज (पूर्ण प्रणालीची तयार फाइल) कार्डवर लिहा. त्याच वेळी घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा. कार्ड बोर्डात घालून चांगल्या चार्जरवर बोर्ड सुरू करा. थोड्या वेळानं फोनच्या ब्राउझरमध्ये मूडचं पान उघडेल. इथून पुढं सगळं फोनवरूनच करायचं आहे.

पीसीएम ५१०२ ए पायच्या जीपीआयओला (वायरी जोडायच्या पिनांना) जोडताना बीसीके वायर जीपीआयओ १८ ला, एलआरसीके १९ ला आणि डीआयएन २१ ला जाते. बोर्डवरच्या पिनांच्या क्रमानं मोजलं तर या १२, ३५ आणि ४० नंबरच्या पिना आहेत. जीपीआयओचा नंबर आणि पिनेचा नंबर वेगळे असतात, तेव्हा जोडण्याआधी नकाशा समोर ठेवा. डॅकवरचा एससीके ग्राउंडला जोडायला विसरू नका. तो मोकळा राहिला तर आवाज येतच नाही किंवा नुसती खरखर येते, आणि माणूस तासन्‌तास भलतीकडंच चूक शोधत बसतो. मूडच्या ऑडिओ सेटिंगमध्ये हायफायबेरी डॅक हा पर्याय निवडा आणि बोर्ड पुन्हा सुरू करा.

या डॅकचा आवाज २ व्होल्टच्या थोडा वर जातो. गाडीच्या काही स्टिरिओंचं ऑक्स इनपुट एवढ्या पातळीला फाटतं. म्हणून मूडमधला आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त करणं गाडीच्या नॉबवरच ठेवा.

संग्रह नीट लावणं

यात वेळ जातो, पण तो सत्कारणी लागतो. पुढची कित्येक वर्षं ऐकायचं ते याच संग्रहातून.

जागेचा अंदाज आधी घ्या. सीडीचा आवाज १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅकमध्ये तोच आवाज काहीही न गमावता निम्म्याच्या आसपास जागेत बसतो. ५ मिनिटांचं गाणं ३० एमबी धरलं तर १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ४,००० गाणी सहज बसतात. तेच गाणं ३२० केबीपीएसच्या एमपी ३ मध्ये १२ एमबी होतं. चालत्या गाडीत टायरच्या आवाजात या दोघांतला फरक ओळखणं अवघड आहे, हे मी मान्य करतो. तरी सीडी किंवा कॅसेटवरून नवीन काही उतरवत असाल तर फ्लॅकच करा. फ्लॅकवरून एमपी ३ केव्हाही करता येतो. एमपी ३ मध्ये एकदा गेलेलं मात्र परत मिळत नाही.

आपल्याकडं घरोघरी कॅसेटचे खोके आहेत: भजनं, कीर्तनं, पोवाडे, गावच्या जत्रेत कुणी तरी भरून घेतलेला शाहीर. यातलं पुष्कळ कुठल्याही ॲपवर मिळणार नाही, आणि टेप वर्षागणिक खराब होते आहे. म्हणून ते आधी उतरवा. टेपरेकॉर्डरच्या लाइन आउटमधून वायर संगणकाच्या लाइन इनमध्ये घाला, ऑडॅसिटी सुरू करा आणि एक बाजू सलग भरून घ्या. सी-६० ची बाजू ३० मिनिटांची, सी-९० ची ४५ मिनिटांची. आवाजाची पट्टी सगळ्यात जोरकस जागी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच ठेवा. लाल रेषेला टेकली तर आवाज फाटतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. सुरुवातीलाच टेपरेकॉर्डरचं डोकं (हेड) साफ करणारी कॅसेट फिरवा किंवा कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून डोकं पुसा. मग एकेका गाण्याला लेबल लावून तुकडे वेगवेगळे काढा.

आता नावं. संगणकाच्या दृष्टीनं ‘केसरबाई केरकर’, ‘सूरश्री केसरबाई केरकर’ आणि रोमन लिपीत लिहिलेलं तेच नाव या तीन वेगळ्या गायिका आहेत. संग्रहात त्यांचे तीन कप्पे होतात आणि निम्मं गाणं सापडत नाही. म्हणून एका कलावंताचं एकच नाव ठरवा आणि सगळीकडं तेच लिहा. देवनागरीत लिहायला हरकत नाही. टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती, आता युनिकोडमध्ये असतात आणि आपल्या यंत्राचं पान फोनवर दिसणार असल्यानं अक्षरं नीट उमटतात. चौकोनांची अडचण स्टिरिओच्या जुन्या पडद्याची होती. विंडोजवर एमपी ३ टॅग हा प्रोग्रॅम या कामाला उत्तम आहे, एकाच वेळी शेकडो फाइलींचं नाव बदलता येतं. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले टॅग मात्र पुन्हा टाइप करावे लागतील.

शास्त्रीय संगीतासाठी सिनेगीतांची मांडणी उपयोगाची नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी याच शहरात गायले, आणि देवल क्लब १८८३ पासून इथं आहे. कोल्हापूरच्या संग्रहात ख्याल हमखास निघतो. त्यासाठी शीर्षकात आधी राग, मग बंदिशीचे पहिले शब्द, मग ताल असं लिहा. म्हणजे शोधात ‘जौनपुरी’ टाकलं की सगळ्यांचा जौनपुरी एका ठिकाणी येतो. प्रकाराच्या रकान्यात ख्याल, नाट्यसंगीत, पोवाडा, लावणी, भजन असे मोजकेच शब्द ठेवा. चाळीस प्रकार केले तर शोधणं उलट अवघड होतं.

एका गोष्टीकडं बहुतेकांचं लक्ष जात नाही. जुन्या ७८ आरपीएम तबकडीवरून उतरवलेल्या गाण्याचा आवाज बारीक असतो, त्यानंतर डफ-तुणतुण्यासह पोवाडा लागला की माणूस दचकतो. यासाठी रिप्लेगेन नावाची सोय आहे. फूबार २००० हा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलचा जोर मोजून टॅगमध्ये लिहितो, आणि वाजवताना मूड त्यानुसार आवाज वर-खाली करतो. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. सलग ऐकायच्या मैफलीसाठी अल्बमनुसार आणि मिसळलेल्या यादीसाठी ट्रॅकनुसार मोजमाप निवडा.

सगळं झाल्यावर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून त्यावर भरा. म्हणजे विंडोजही वाचेल आणि पायही.

गाडीत पहिली फेरी

लगेच वायरिंगला हात घालू नका. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा, खरोखर ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा चांगला चार्जर घ्या, त्यावर पाय लावा, ऑक्सची वायर स्टिरिओला द्या आणि रंकाळ्याला एक चक्कर मारा. एवढ्यात बरंच कळतं. आवाज कसा येतो, सुरू व्हायला किती वेळ लागतो (अर्धा ते एक मिनिट धरा), फोन जोडला जातो का.

वीज कमी पडली की पाय स्वतःला हळू करतो किंवा अचानक पुन्हा सुरू होतो. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो तशी नोंद ठेवतो, आणि टीव्ही जोडला असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. गाणं मधेच थांबत असेल तर आधी केबल बदला. मोबाइलसोबत येणाऱ्या बारीक केबलमध्येच अर्धा-पाऊण व्होल्ट पडू शकतो.

घराबाहेर वायफाय नसल्यानं मूड स्वतःचं हॉटस्पॉट सुरू करतो. त्याचा मूळ पासवर्ड बदला. फोन त्याला जोडल्यावर ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ असं विचारेल, तेव्हा जोडलेलं राहू द्या असं सांगा, नाहीतर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पान उघडत नाही.

काही दिवस याच जोडणीवर चालवा. पुरेसं वाटलं तर इथं थांबायलाही हरकत नाही, फक्त किल्ली काढण्याआधी फोनवरून शटडाउन द्यायची सवय लावा. पण रोज ते लक्षात राहत नाही. म्हणून पुढचं काम.

कायमची वीज

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण प्रत्यक्षात हा आकडा हलत असतो. गाडी उभी असताना भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळं १३.८ ते १४.४ मिळतात. सेल्फ मारताना क्षणभर १० च्या खाली येते, आणि मधूनच उंच झटकेही येतात. पायला मात्र कायम ५ व्होल्टच लागतात. त्यामुळं कन्व्हर्टर हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. डॅशकॅमसाठी किंवा बसमधल्या यूएसबीसाठी मिळतो तसा, ॲल्युमिनियमच्या डबीत राळ ओतून बंद केलेला, ३ किंवा ५ अँपिअरचा घ्या. उघडे एलएम २५९६ कन्व्हर्टर बोर्ड टेबलावर ठीक आहेत, गाडीतल्या धक्क्यांत आणि दमटपणात मी ते बसवणार नाही. उघडा बोर्ड घेतलाच तर पाय जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर ५.१ व्होल्ट बघा. नवा बोर्ड १२ व्होल्ट सोडत असू शकतो, आणि तेवढ्यानं पाय जळतो.

गाडीतून तीन वायरी लागतात: किल्ली नसतानाही वीज असणारी कायमची लाइन, किल्ली फिरवल्यावरच येणारी एसीसी लाइन आणि बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर). बाजारातल्या स्टिरिओच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडीत) कायमची पिवळी, एसीसी लाल आणि अर्थ काळी असते, पण गाडीच्या स्वतःच्या वायरीला हे रंग लागू होतीलच असं नाही. मीटर लावून खात्री करा. स्टिअरिंगच्या आजूबाजूला पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत असं धरा. तिथं मीटरसुद्धा लावू नका.

वायर कापायची नाही. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज टॅप बसवला की मूळ फ्यूज तसाच राहतो आणि आपली लाइन वेगळ्या फ्यूजवरून निघते. कायमच्या लाइनला ३ अँपिअर आणि एसीसीला १ अँपिअर पुरे. १२ व्होल्टच्या बाजूला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरा. कन्व्हर्टर पायच्या शेजारी ठेवा, ५ व्होल्टची वायर जितकी आखूड तितकं चांगलं.

हे काम स्वतः करायचं नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा, पण काय हवं ते नेमकं सांगा: “मिस्त्री, कायम बाराची एक लाइन, किल्लीवरची एक लाइन आणि पक्की बॉडी अर्थ काढून द्या. वायर कापू नका, फ्यूजबॉक्समधून टॅप घ्या. जोड सोल्डर करून वर नळी घाला.” नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर उन्हाळ्यात चिकटपणा सोडते आणि पावसाळ्यात हिरवी पडते. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरकडं आधी विचारून घ्या.

पाय थेट कायमच्या लाइनवर का ठेवायचा नाही, त्याचं गणित सोपं आहे. गाणी वाजवताना तो साधारण ३ वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूनं पाव अँपिअर. दिवसाला ६ अँपिअर-तास. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. गाडी तीन-चार दिवस दारात उभी राहिली की सेल्फ मारायला दम उरत नाही.

नुसत्या एसीसीवर ठेवला तर किल्ली काढताच वीज तुटते, आणि त्याच क्षणी कार्डवर काही लिहिलं जात असेल तर कार्ड बिघडतं. काही जण यावर कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवतात. ते सुरक्षित आहे, पण मग कुठलं गाणं कुठवर आलं होतं हेही लक्षात राहत नाही, आणि तासाभराचा राग दर वेळी पहिल्यापासून ऐकावा लागतो. त्यामुळं मला पुढचा मार्ग योग्य वाटतो.

कायमची लाइन टायमर रिलेतून कन्व्हर्टरला द्या. रिलेला इशारा एसीसीचा. किल्ली बंद झाल्यावर रिले एक मिनिट वीज चालू ठेवील असा वेळ लावा. त्या मिनिटात पायला कळलं पाहिजे की आता बंद व्हायचं आहे. त्यासाठी ऑप्टोकपलर. एसीसीची लाइन २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पीसी ८१७ च्या दिव्याच्या बाजूला द्या, दिव्याचं दुसरं टोक अर्थला. त्याची दुसरी बाजू जीपीआयओ १७ आणि पायचं ग्राउंड यांच्यामध्ये येईल. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर काहीही सहन करत नाहीत. १२ व्होल्टची वायर थेट पिनेला लागली तर बोर्ड गेला म्हणून समजा.

पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन हा ओव्हरले (एखादी सोय चालू करणारी सेटिंगची ओळ) घाला: पिन १७, पुल-अप, आणि ॲक्टिव्ह-लो शून्य. किल्ली चालू असताना पिन खाली राहते, बंद झाली की वर जाते आणि पाय शांतपणे बंद होतो. इथं आणखी एक सेटिंग महत्त्वाचं आहे. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना एसीसी क्षणभर तुटते. पायला वाटतं किल्ली काढली, आणि गाडी सुरू होताच गाणी बंद. याच ओव्हरलेमध्ये डिबाउन्सची (इशारा खरा मानण्याआधी थांबायची) वेळ ५,००० मिलिसेकंद करा. म्हणजे लाइन सलग ५ सेकंद गेल्याशिवाय तो बंद होणार नाही.

पेट्रोल भरायला थांबून मिनिटाच्या आत परत किल्ली फिरवली तर पाय बंद झालेला आणि रिले चालूच, असं होऊ शकतं. मग किल्ली बंद करा, रिलेचा टक् आवाज येईपर्यंत थांबा, आणि पुन्हा सुरू करा.

जागा

डॅशबोर्डवर नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघा, कारण कळेल. सीटखालची जागा सोयीची वाटते, पण आपल्या पावसात ओल्या चपलांनी गाडीतला गालिचा आठवडेच्या आठवडे दमट राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तरी जमिनीलगत इलेक्ट्रॉनिक्स ठेवू नये. ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा त्याच्या मागच्या पोकळीत ठेवा.

पेटी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात करून घ्या. दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याची वाकवून, भोकं पाडून हवी तशी पेटी तिथं मिळते. झाकण मात्र ॲक्रिलिकचं ठेवा, चारही बाजूंनी धातू असेल तर वायफाय बाहेर येणार नाही. बोर्डखाली प्लास्टिकचे स्पेसर घाला आणि चिपवर छोटा हीटसिंक चिकटवा. बॅकअप म्हणून पॉवर बँक आत ठेवायचा मोह होतो, पण तापलेल्या बंद गाडीत लिथियमची बॅटरी ठेवू नका.

शिट्टी

सगळं बसवलं, गाडी सुरू केली, आणि गाण्यामागून बारीक शिट्टी येते. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. ही अल्टरनेटरची शिट्टी. स्टिरिओची अर्थ एका ठिकाणी आणि पायची दुसऱ्या ठिकाणी असली की दोघांतला सूक्ष्म फरक ऑक्सच्या वायरीतून आवाजात उतरतो. खात्री करायची असेल तर थोडा वेळ पाय पॉवर बँकेवर चालवा. शिट्टी गेली तर निदान पक्कं.

पहिला उपाय फुकट आहे: पायची अर्थ स्टिरिओच्या अर्थलाच, एकाच बोल्टखाली घ्या, आणि त्याखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. एवढ्यानं गेली नाही तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळं दोन्ही अर्थ एकमेकींपासून तुटतात. स्वस्त आयसोलेटरमध्ये खर्ज थोडा कमी होतो आणि तबल्याच्या बायाँवर ते जाणवतं, म्हणून आधी अर्थ सुधारा. विजेची आणि आवाजाची वायर एकाच जुडीत बांधू नका.

हाताशी काय ठेवायचं

चालवताना तीन गोष्टी पुरतात: थांबवणं, पुढचं, मागचं. जीपीआयओला तीन साधी बटणं जोडून मूडमध्ये त्यांना कामं नेमून द्या. बटणं वेगवेगळ्या आकाराची घ्या, म्हणजे न बघता बोटाला कळतात. यादी निवडणं, शोधणं, बदलणं हे शेजारी बसलेल्यानं फोनवरून करावं. निघण्याआधी दोन-तीन याद्या तयार ठेवल्या तर तेही लागत नाही. घाटासाठी मी सलग मैफल लावतो. वळणांत बटणाकडं हात जायलाच नको.

मूडमध्ये सुरू होताच वाजवण्याचा पर्याय चालू करा. पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, म्हणून नेट नसताना तारीख चुकीची दिसेल. गाण्यांना त्यानं काही होत नाही.

गाडी घराच्या वायफायच्या टप्प्यात उभी राहत असेल तर नवीन गाणी तिथूनच पाठवा, पेनड्राइव्ह काढायची गरज नाही. फक्त किल्ली एसीसीवर असेपर्यंतच पाय जागा राहतो, मोठी भर घालायची असेल तर पेनड्राइव्ह घरात आणा. संग्रहाची दुसरी प्रत घरच्या डिस्कवर आणि तयार झालेल्या कार्डाची इमेज तिच्याच शेजारी ठेवा, म्हणजे कार्ड गेलं तर नवं लिहून त्याच दिवशी गाडी वाजती होते. पावसाळा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर बॉडी अर्थचा बोल्ट सोडून घासा, थिंबल हलतात का बघा, फ्यूज टॅप ओढून बघा.